खकाणा

"जाईमावशी, काहीतरी जळतंय."

सुरुची एवढं बोलली नि गल्लीत मिरच्या वाळवणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या.

"अगो, वैशाखात लालबागेत जळतलाच!" जाईबाई खाटेवरच्या मिरच्या खालीवर करत म्हणाली. "तळाक मसालेवालो मिरच्यो भाजता. शिकलेली मगे तू! भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

पण सुरुचीचा जीव थाऱ्यावर येईना. चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर तिची तान्ही छकुली पाळण्यात निजलेली, जवळ गुडघे आखडलेली सासू. आणि नाकात झोंबणारा हा खकाणा रोजचा नव्हता. त्यात गोणपाट जळाल्याचा वास होता.

तेवढ्यात मसालेवाला बोंबलत बाहेर पळाला. मागं काळा धूर. मिरचीच्या गोण्या पेटल्या होत्या, नि लाकडी जिना त्यांना खेटूनच. सुरुची जिन्याकडं धावली. पहिल्याच पायरीवर तिखट धुरानं नरडं आवळलं, डोळे मिटले. चाळीतल्या लवूकाकानं तिला दंडाला धरून मागं खेचलं.

"मरशील पोरी! बंब येतोय."

बंब आला, नि गल्लीच्या तोंडाशीच अडला. गल्लीभर खाटा, खाटांवर वर्षाची मिरची. लवूकाका चाळीचा आगीचा स्वयंसेवक; गल्ली मोकळी ठेवा म्हणून रोज शिटी फुंकायचा. आणि पहिली खाट त्याच्याच घरची. म्हातारा थिजला.

"सुरुची गो!" वरनं सासू गंगुबाईची हाक आली. "पोर गुदमारता!"

सुरुचीनं ती खाट उलथून टाकली. "घाला गाडी वरनं!"

"माझी पण मिरची जातली!" जाईबाई किंचाळली, नि लगेच आपलीही खाट तिनंच भिंतीशी भिरकावली. मग लवूकाका हलला, बायका हलल्या. चाकांखाली लाल चेंदा झाला.

शिडी गॅलरीला लागली. तोंडावर मुखवटा चढवलेला जवान छकुलीला घेऊन उतरला, दुसरा गंगुबाईला आधार देत. छकुली निपचित. सुरुचीनं तिला छातीशी ओढलं.

"बाळा... रड गं. रड ना!"

पोर शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग असा टाहो फोडला, की जवानानं मुखवटा काढून डोळे पुसले.

"मिरची झोंबली," तो म्हणाला.

जाईबाईनं चेंद्यातल्या सात साबूत मिरच्या वेचल्या, छकुलीवरनं उतरवल्या. पण दृष्टीच्या मिरच्या टाकायच्या विस्तवात, आणि विस्तवाचं नाव काढायची छाती त्या दिवशी कुणाला होती? तिनं त्या गल्लीत साचलेल्या बंबाच्या पाण्यात सोडल्या.