घागरीवरचा फेटा

दातांत धरलेली सेफ्टी पिन गार होती, आणि तिला शाळेच्या नळाची चव होती — तोटीला तोंड लावून पाणी प्यायल्यावर जिभेवर राहायची ती. एवढ्या घाईत आपल्याला नळ आठवावा याचं अक्षताला हसू आलं, पण तोंड उघडलं तर पिन पडणार, म्हणून ते हसू तिनं नाकातूनच सोडलं. हातात फेट्याचा शेवटचा वेढा होता. समोरच्या खुर्चीवर रखमाजीबाबा छाती काढून बसले होते, कोटावर पदकं, गुडघ्यांवर तळवे, आणि त्यांच्या डोक्यावर — खऱ्याखुऱ्या जिवंत डोक्यावर — तिचा फेटा चढत होता.

टेंभुर्णीच्या कॉलेजचं पटांगण सकाळपासून गजबजलं होतं. विजय दिवस, तालुक्यातल्या माजी सैनिकांचा सत्कार, आणि सगळी कामं राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरापोरींकडे. सर म्हणाले होते, मुलं फेटे बांधतील, मुली ओवाळतील. तेव्हा हिचा हात आपोआप वर गेला होता, डोकं विचार करायच्या आतच... सर, मी बांधते. वर्ग हसला, सरही हसले, आणि मग हसणं थांबल्यावर सर म्हणाले, बरं, बांध. बस, त्या दिवसापासून पोरगी हवेत होती. जेवताना हात थांबायचा आणि बोटं ताटाच्या काठावरून गोल फिरायला लागायची.

फेटा शिकायला डोकं लागतं, म्हणजे दुसऱ्याचं. भाऊ सुमित एकदा बसला आणि मान अवघडली म्हणून उठला तो परत हाती लागला नाही. मग तिनं स्वयंपाकघरातली घागर घेतली, ओट्यावर पालथी घातली, मोबाईलवर फेट्याचा व्हिडिओ लावून तो तांदळाच्या डब्याला टेकवला, आणि आईची जुनी साडी घडी करून तिच्यावर गुंडाळत बसली. "घागरीचं लगीन लावून राह्यली का तू?" आई, कांताबाई, दारातून ओरडली. "मंग पाणी कशात भरू मी? तुझ्या डोक्यात?" पण दुसऱ्या दिवशी आईनंच घागर लख्ख घासून ओट्यावर ठेवलेली होती. घागर गुणी. हलत नाही, बोलत नाही, मान अवघडली म्हणत नाही. तिच्यावर फेटा असा घट्ट, असा खालपर्यंत चोपून बसायचा की उलटी करून हलवली तरी सुटायचा नाही.

शेवटचा वेढा बसला. तुरा पंख्यासारखा उभा राहिला, पाठीवर शेमल्याचं टोक सरळ सुटलं, दातांतली पिन कापडात गेली. अक्षता मागे सरकली... अगं बाई. हा मी बांधलाय. मी! मांडवाच्या कापडातून उतरणारं ऊन तुऱ्याच्या चुण्यांवर पडलं होतं, आणि कागद सारखे करत उभा असलेला सूत्रसंचालक हरिओम काम टाकून धावत आला, त्यानं फोटो काढला, म्हणाला, "अक्षे, दुकान टाक तू फेट्याचं." ओवाळायला थांबलेल्या मुली वळून बघायला लागल्या. तिला एकदम पळत घरी जावंसं वाटलं, आईला ओढत इथं आणावंसं वाटलं.

"बाबा, कसं वाटून राह्यलं?" तिनं विचारलं.

बाबा समोर बघत गोड हसले.

भारावलेत, तिला वाटलं. का नाही भारावणार... गेल्या आठवड्यात ती निमंत्रण घेऊन त्यांच्या शेतातल्या घरी गेली होती तेव्हा हेच बाबा बाजेवर पाठ फिरवून बसले होते. सून उषाबाईनं चहा दिला आणि हळूच सांगितलं, "न्हाई जात ते आता. मागच्या सत्काराला नाव घेतलं, यांना ऐकूच आलं न्हाई. परत घेतलं, तरी बसलेलेच. लोक हसले. मंग दोघांनी दंडाला धरून उठवलं." उजवा कान तोफांनी नेलेला, एक डावा तेवढा चालायचा, आणि त्यानंही नेमका तेव्हाच दगा दिला, असं बाबांचं म्हणणं. पाठ न वळवताच ते बोलले होते, "नाव ऐकून माझ्या पायानं उठलो, तर तो सत्कार. कुणी धरून उठवलं तर ते वझं." आणि ही म्हणाली होती — कुठून आलं तोंडात कुणास ठाऊक — "बाबा, या बारीला तुम्हाला बराबर ऐकू येईल. कुणी हात लावणार न्हाई. माझी जबाबदारी."

जबाबदारी म्हटल्यावर तिनं ती पार पाडलीही होती. खुर्ची पहिल्या ओळीत. स्पीकर डाव्या हाताला. हरिओमला दम दिलेला, नाव सावकाश घ्यायचं, अक्षरं न गिळता. सगळं, सगळं केलं होतं.

"पाणी देऊ का बाबा?"

बाबा हसले. "हो, हो. चांगलंय."

चांगलंय? पाणी देऊ का, तर चांगलंय... आणि मग तिनं पाहिलं. फेट्याची कड भुवयांच्या वरून निघाली होती, सुरेख, एकसारखी, आणि तशीच एकसारखी दोन्ही कानांवरून खाली उतरून मागे गेली होती. कान दिसतच नव्हते. चोपून बसले होते आत, घट्ट, उलटं करून हलवलं तरी न सुटणारे. घागरीला कान नसतात. इतके दिवस ती बिनकानाच्या डोक्यावर फेटा शिकत होती!

तिनं वाकून डाव्या बाजूची कड बोटानं उचलली आणि त्या फटीत तोंड नेलं. "बाबा, फेट्यानं ऐकू येत न्हाई ना?"

बाबा दचकले. मग चोरी पकडल्यासारखे ओशाळून म्हणाले, "फेटा बसला की अस्संच होतं, माय. मागल्या बारीलाबी असंच झाल्तं."

"मंग सांगितलं का न्हाई? तेव्हाबी, आत्ताबी?"

"मानाचा असतो ना." त्यांनी हातानंच तुरा चाचपला. "मानाला कसं सांगावं, जरा वर सरक म्हणून? आन तू इतकी जीव लावून बांधू राह्यली."

मंचावर हरिओमनं माईकला टिचकी मारली. पाहुणे खुर्च्यांवर बसत होते. अक्षतानं तुऱ्याकडे पाहिलं. असा आपल्या हातून परत होणार नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. पहिल्या सत्काराच्या आधी तर नाहीच नाही... नुसती कड वर ढकलली तर? ढकलून पाहिली. घागरीवरचा फेटा तो, जागचा हलला नाही. माझा फोटो तरी निघालाय, असा एक हलका विचार मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं पिन काढली आणि परत दातांत धरली.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, सोडती कशाला? येडी का?" ती बोलली नाही, पिन होती ना. वेढे उलटे फिरले, कापड मांडीवर ढीग होऊन पडलं, बाबांचे विरळ केस उभे राहिले. फेट्याचं पहिलं टोक बसणाऱ्यानं दातांत धरायचं असतं, पण बाबांना दात नव्हते. मघाशी त्यांनी मुठीत धरलं होतं, आताही तसंच धरलं. या वेळी तिनं आधी डावा कान तळहातानं झाकून बघितला, कुठं सुरू होतो, कुठं संपतो, आणि वेढा त्याच्या वरून घेतला. वेळ उरला नव्हता. चुण्या नीट पडेनात, तुरा एका अंगाला कलला, डाव्या बाजूला फेटा बळंच चढल्यासारखा दिसायला लागला. पण कान बाहेर होता. मोठा, केसाळ, काठाला उन्हानं रापलेला कान.

"आता?" ती पुटपुटली, मुद्दाम हळू.

"आता तू पुटपुटली," बाबा म्हणाले.

तिला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. त्याऐवजी ती मांडवाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली, कारण सोबत थांबलं तर त्यांना उठवायला हात खांद्याकडे जाणार, तिला स्वतःचा भरवसा नव्हता.

सत्कार सुरू झाले. एकेक नाव, टाळ्या, शाल, नारळ. इतरांचे फेटे मुलांनी बांधलेले, झोकदार. त्यांत बाबांचा कलता तुरा लांबूनही ओळखू येत होता. कालपर्यंत तिला वाटायचं, लोक विचारतील, हा कुणी बांधला? आणि आता तिला वाटत होतं, कुणी फेट्याकडे बघूच नये, कुणी बोलूच नये, ती मागची बाई आपलं रडतं पोर घेऊन जरा लांब जावी, रस्त्यावरचा तो ट्रॅक्टर एकदाचा निघून जावा... बाबांचे तळवे अजून गुडघ्यांवरच होते. मान किंचित डावीकडे वळलेली.

"यानंतर..." हरिओम म्हणाला आणि त्यानं कागद उलटला. पुढचं नाव बाबांचं होतं.

अक्षताच्या लक्षात आलं, आपला उजवा तळहात आपल्याच उजव्या कानावर गच्च दाबलेला आहे. कधी गेला तो तिथं? तिनं तो काढला नाही. अर्धं पटांगण बुडून गेलं होतं. उरलेल्या अर्ध्यात पोर रडत होतं, ट्रॅक्टर धडधडत होता, कुणाची तरी खुर्ची करकरली, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, अगदी बारीक पण येत होता खरा, माईकमधून हरिओमनं घेतलेला श्वास.