दुधाच्या पिशवीची कात्री

लेकीनं पहिल्या पगारातून बाबांसाठी कोटाचं कापड आणलं आणि आईच्या हातात देऊन म्हणाली, "रविवारी माझ्या लग्नात बाबांनी याचाच कोट घालायचा. आणि शिवायचा तूच."

तेव्हापासून कापड शिवणखोलीतल्या मोठ्या टेबलावर पसरलेलं होतं आणि आई, म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाई, त्याच्याभोवती फेऱ्या मारत होत्या.

शिवणकामात बाईंचं नाव होतं. गिऱ्हाईक दारातून आत येईस्तोवर त्या नजरेनंच छाती-खांदा मोजून मोकळ्या व्हायच्या. कुणाच्या पोटाचा खरा घेर आणि तो तोंडानं सांगतो तो घेर यांत किती तफावत असते, हेही त्यांना पाठ होतं. पण या कापडापुढे कात्री उचलली की हात जड व्हायचा. मापाचे कागद लावून झाले, खडूच्या रेघा मारून, पुसून, पुन्हा मारून झाल्या. मग एकदम आठवायचं, मशीनला तेल घालायचं राहिलंय. मशीन एव्हाना इतकं तेल प्यायलं होतं, की दोरा डागाळायला लागला.

या चालढकलीचं कारण त्यांना ठाऊक होतं, पण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नव्या संसारात त्यांनी नवऱ्यासाठी शर्ट शिवला होता, त्याची डावी बाही चांगली दोन बोटं आखूड झाली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थानं तो शर्ट चकार शब्द न काढता विरेपर्यंत वापरला. तेव्हाच नावं ठेवली असती तर हिशेब तिथल्या तिथे मिटला असता. बाईंनी पुढे त्यांच्यासाठी काही शिवलंच नाही, सगळं तयार आणलं. आणि हे कापड तर दुकानातलं शेवटचं. बिघडलं तर दुसरं मिळायचं नाही.

"आई, कापलंस का?" लेक विचारायची.

"कापड जरा बसू दे."

"बसून बसून आता त्याला उठता यायचं नाही."

बुधवारी सकाळी बाई शिवणखोलीत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. कापडाचा एक कोपरा गायब होता. खिडकीपाशी नवरा चष्मा पुसत बसला होता, त्याच कापडाच्या चौकोनी तुकड्यानं.

"अहो, हे कशानं कापलंत?"

"दुधाच्या पिशवीची कात्री होती समोर."

"घरात दुसरं फडकं नव्हतं?"

"इतकं मऊ नव्हतं."

मग बाईंनी जे सुनावलं, ते ऐकायला शेजाऱ्यांना भिंतीला कान लावावा लागला नाही. पण तो उंदरानं कुरतडल्यासारखा कोपरा काही त्यांना बघवेना. तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच त्यांनी मोठी कात्री उचलली आणि वाकडी कड सरळ केली. कड सरळ झाली तशी पलीकडची खडूची रेघ समोर आली. रागाच्या भरात कात्री तिच्यावरूनही गेली. पाठ निघाली, पुढचे दोन्ही भाग निघाले. बाह्या कापताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपण केव्हाच्या गप्प झालोय.

दुपारी चिंध्या गोळा करताना त्यांनी पाहिलं, तर गेलेला कोपरा सगळ्या रेघांच्या बाहेरच्या, टाकून द्यायच्या पट्टीतला होता. एकाही रेघेला धक्का नव्हता.

"तुम्ही रेघा बघून कापलंत."

घड्याळावर वाकलेल्या नवऱ्यानं डोळ्याचं भिंग काढलं नाही. "कोरं घड्याळ उघडताना माझाही हात अडतो. आधीच कुणी ओरखडा काढून ठेवला असला की बरं पडतं."

"सरळ सांगायचं होतं."

"तू ऐकलं असतंस?"

बाईंनी मशीनच्या सुईत दोरा ओवला.

रविवारी बाबांनी कोट चढवला. वरच्या खिशात तो चौकोन होता, चारी कडा दुमडून शिवलेला. आरशासमोर त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि डाव्या मनगटाकडे बघतच राहिले. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"काय झालं? बाही?"

"दोन्ही अगदी सारख्या आहेत," ते जरा हिरमुसूनच म्हणाले. "त्या शर्टात घड्याळ पटकन दिसायचं."