टिळ्याखालचा लाल दिवा

मित्रांनो, जवळ येण्याआधी तुमचे हात दाखवा बरं. रागावू नका. मी एक जुना डिजिटल सिनेमा कॅमेरा आहे. अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडसमोर भुपेंद्रच्या स्टुडिओत राहतो, आणि माणसांच्या हातांची मी धास्तीच घेतली आहे.

माझा जन्म अगदी सोवळ्यात झाला. ज्या खोलीत मला जोडलं, तिथे कामगार डोक्याला टोपी, हातांत मोजे आणि तोंडाला पट्टी लावून यायचे. माझ्या काचेवर कुणी श्वाससुद्धा सोडत नसे. सगळं जग असंच स्वच्छ असतं, अशी माझी भाबडी समजूत होती.

मग भुपेंद्रने मला नागपूरच्या एका दुकानातून आणलं. लग्नं, बारशी, मंडईच्या जत्रेतले कार्यक्रम, सगळीकडे तो मला मिरवत नेई. लोक कौतुकाने बघत. माणूस वाईट नव्हता, पण खर्रा खायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, चिमूट गालात धरायचा आणि त्याच बोटांनी माझा पडदा दाबायचा. चिकट, तपकिरी, उग्र वासाची ती बोटं. माझ्या बटणांच्या फटींत सुपारीचा भुगा बसला. एका लग्नात बोलता बोलता त्याच्या तोंडातला थेंब माझ्या काचेवर उडाला, आणि त्याने तो शर्टाच्या बाहीने पुसायच्या नावाखाली पसरवला. त्या दिवशी मला नवरीचा चेहरा लाल चिखलातून दिसला.

आता खरं सांगायचं तर मीही वापरायला सोपा नव्हतो. साधा आवाज वाढवायचा तरी पडद्यावर एका पानातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात शिरावं लागे. रेकॉर्डिंग सुरू आहे की बंद, हे कोपऱ्यातल्या मोहरीएवढ्या ठिपक्यावरून ओळखायचं, आणि तो कोपरा तर खर्र्याने माखलेला. ज्यांनी मला घडवलं त्यांना या अडचणी कळल्या होत्या. त्यांनी नवं सॉफ्टवेअर करून ठेवलं होतं. भुपेंद्रच्या मोबाइलवर त्याची सूचना यायची आणि तो ती बाजूला सारायचा. असाच अपडेट करताना त्याच्या मित्राचा, टिंकूचा, फोन कायमचा बंद पडला होता. तेव्हापासून चालत्या वस्तूला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम झाला.

राहिला माझ्या अंगावरचा छोटा लाल दिवा. रेकॉर्डिंग सुरू झालं की तो लागे. पण दसऱ्याला भुपेंद्रने माझी पूजा केली आणि ओल्या हळदीकुंकवाचा टिळा नेमका त्या दिव्यावर लावला. टिळा वाळून टणक झाला. पूजेचा म्हणून त्याने तो पुसू दिला नाही. बरं, पूजा तरी हात धुऊन करावी. खर्रा घोटलेल्या हातानेच देवाचं नाव घेतलं, याची शिसारी मला आजही येते.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, आणि भरदिवसा मैदानात दंडारीचा, म्हणजे गाण्यानाचाच्या लोकनाट्याचा, खेळ रंगतो. सौंदडच्या दंडारीत सेवकराम गवळण गायचा, ती ऐकायला लोक लांबून यायचे. पण त्या वर्षी त्याचं तोंड दोन बोटांपुरतंच उघडत होतं. उभा जन्म खर्रा खाल्ला होता त्याने. नागपूरच्या डॉक्टरने जबडा कापायला सांगितला. जीव वाचेल, पण गाणं विसरा, असं स्पष्ट सांगितलं.

मंडईच्या आदल्या दिवशी त्याची बायको शामकला स्टुडिओत आली. भुपेंद्र तिला मामी म्हणायचा. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "भुपेंद्रा, मानूस तं डाक्तर ठेवन. तू आवाज ठेवून दे गा."

भुपेंद्रने छाती ठोकून हो म्हटलं.

मंडईच्या दिवशी सेवकराम उभा राहिला. भुपेंद्रने बटण दाबलं. माझा दिवा लागला, पण टिळ्याखाली. त्याला काही दिसेना, म्हणून खात्रीसाठी त्याने पुन्हा दाबलं, आणि मी बंद झालो. सेवकराम गायला. अर्ध्याच तोंडाने, पण असा गायला की बाया पदराने डोळे पुसत होत्या. मी आंधळ्यासारखा त्याच्यासमोर उभा होतो. गाणं संपलं तेव्हा भुपेंद्रने बंद करायला म्हणून बटण दाबलं, आणि मी सुरू झालो.

दुसऱ्या दिवशी शामकलामामी ऐकायला आली. पडद्यावर भुपेंद्रच्या चपला चालत होत्या. मग तो थांबला आणि पचकन थुंकला. धानाच्या कापलेल्या खोडांवर ती लाल पिंक स्वच्छ, स्पष्ट दिसली. मामीला आपल्या नवऱ्याच्या आवाजाऐवजी हे बघावं लागलं.

"कॅमेऱ्यातच खराबी हाये मामी," भुपेंद्र म्हणाला.

मामी पदर सावरून निघून गेली. मला किळस आली होती, पण या वेळी हातांची नाही, त्या वाक्याची.

भुपेंद्रची बायको नीतू तिथेच होती. हळू आवाजात बोलणारी, रोज दिवा लावल्याशिवाय पाणी न पिणारी. तिने ओल्या फडक्याने माझ्यावरचा टिळा पुसायला घेतला. भुपेंद्र ओरडला, "पुसू नको वं, पूजेचा हाये तो."

"देवापुढं दिवा लावतेत जी," ती म्हणाली, "झाकत नाई कोनी. आन कॅमेऱ्यात खराबी होती, तं मामीले तोंडावर खोटं सांगताना मान खाली काऊन गेली तुमची?"

तो बाजूला सरकला.

सकाळी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून नीतूने मला हातात घेतलं. कारखाना सोडल्यापासून इतके स्वच्छ हात मला लागले नव्हते. तिने नवं सॉफ्टवेअर माझ्यात घातलं आणि ते पूर्ण होईपर्यंत माझ्याजवळून हलली नाही. मी जागा झालो तो वेगळाच. आवाज, उजेड, रंग, सगळं एकाच पानावर मोठ्या अक्षरांत. रेकॉर्डिंग सुरू झालं की साऱ्या पडद्याभोवती लाल चौकट. आणि बटण दाबण्याआधीचे काही क्षणही आता मी आपोआप सांभाळून ठेवणार होतो.

सेवकराम नागपूरला निघाला त्या सकाळी भुपेंद्र आणि नीतू मला त्याच्या अंगणात घेऊन गेली. तो पाठमोरा फेटा बांधत होता. भुपेंद्रने बटण दाबलं, लाल चौकट उजळली. सेवकराम वळला. तोंड उघडायला गेला आणि कळ आली. पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास बाहेर आला.

"होत नाई गा," तो म्हणाला, आणि फेटा सोडून बाजेवर बसला.

सगळ्यांना वाटलं, संपलं. स्टुडिओत येऊन नीतूने ते चित्रण उघडलं. लाल चौकटीच्या आधीचे ते काही क्षण होते. सेवकराम पाठमोरा, आपल्याच नादात, गवळणीची पहिली ओळ गुणगुणत होता. पूर्ण ओळ, मंडईतल्यासारखी. आणि तिच्या शेवटी, "शामकला, फेट्याचा शेव धर वं."

ऑपरेशन झालं. सेवकराम घरी आहे, पातळ पेज पितो, खुणेने बोलतो. शामकलामामी अधूनमधून येते आणि तेवढंच ऐकते. परवाही आली होती. ऐकून झाल्यावर ती गेली, आणि भुपेंद्र बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, डोळे पुसत असेल. तो पन्नी घोटत होता.

आत येऊन त्याने माझ्याकडे हात केला. नीतूने मध्ये पाण्याचा तांब्या धरला. त्याने निमूटपणे हात धुतले, बोटं एकेक करून. गाल मात्र तसाच फुगलेला होता.

मित्रांनो, माझ्यात सुधारणा करायला कुणीतरी दूर बसून काम करतं, आणि एका सकाळीत मी नवा होतो. सेवकरामच्या जबड्यासाठी असं कुणी काही पाठवलं नाही. म्हणून माझ्यासारखी वस्तू घरात आली, तर तिची सूचना झटकून टाकू नका, तिची काच स्वच्छ फडक्याने पुसा, टिळा दिव्यावर लावू नका. आणि माझ्याकडे याल तेव्हा हात धुऊन या. तोंडही.