वास नसलेलं औषध

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पाराग्वेतल्या मक्याच्या शेतात, एपिफानिओकाकांच्या पाठीवर माझा जन्म गेला. अख्खं गाव मला मागून न्यायचं. परत आलो की काका मला खळखळून धुवायचे, तोंडाशी नाक आणायचे आणि म्हणायचे, "गेला वास. झाला स्वच्छ." मित्रांनो, तेव्हा मला फार धन्य वाटे.

मग शहरातून संशोधक नोएलिया आली. तिचं नॅनो औषध पाण्यासारखं होतं, ना रंग, ना वास. त्याचे कण इतके बारीक की एकदा चिकटले की पावसानेही सुटत नाहीत. अर्ध्या मक्यावर औषध आणि अर्ध्यावर नुसतं पाणी फवारून तिला फरक बघायचा होता. औषध माझ्यातून फवारलं; पाण्यासाठी तिने मुद्दाम नवा पंप दिला. तो काकांच्या खांद्याला बोचला. त्यांनी मलाच धुतलं, हुंगलं आणि पाणी भरलं.

आठवड्याने औषधाच्या मक्यावरची लष्करी अळी मेली. पाण्याच्या मक्यावरचीही मेली. तिथे रातकिडा वाजेना, पाखरू उतरेना. दिवसरात्र ती शांतता मलाच सोसवेना.

"काका, पाण्याने अळी मरत नाही," नोएलिया म्हणाली.

"वारं आलं असेल तिकडून," काका म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते कण माझ्या आतल्या भिंतीला बसले होते, हे मला एकट्याला कळत होतं. नोएलियाने चाचणी रद्द केली आणि ती परत गेली.

पुढे देओलिंदाकाकूंनी माझ्यातूनच अंगणातल्या फुलांवर पाणी मारलं. वळचणीच्या पेटीत त्यांच्या लहानग्या मधमाश्या होत्या. काही दिवसांनी काकूंनी पेटीला कान लावला, तर आत गुणगुण नव्हती.

"रुसून गेल्या गं बाई," त्या पुटपुटल्या. पेटी उघडायचा त्यांना धीर झाला नाही. गेलं कुणीच नव्हतं, मित्रांनो. सगळ्या आतच होत्या.

जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी हात जोडून उलटं सांगतो. मला फोडा. कुणाला उसना देऊ नका, माझ्यात पाणी भरू नका.

आज काकूंनी मला पुन्हा हुंगून भरलंय. समोर पुदिन्याचा वाफा आहे. थोड्या वेळाने तो खुडून, ठेचून तेरेरेच्या, म्हणजे आमच्याकडच्या गार पेयाच्या, पाण्यात पडेल आणि एकच पेला घरभर फिरेल, नातवंडांपर्यंत. कुणीतरी काकूंचा हात धरा. त्या दांडा मारताहेत, आणि माझ्यातून पाणी निघतंय, अगदी नितळ.