मागच्या नळीचं पाणी

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सुकन्या पहिल्यांदा घागर घेऊन माझ्यापाशी आली, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी नळी बोलतेय. मांजरा नदीच्या काठावर पाणी गोडं करायचा प्रकल्प आहे, त्याच्या मागच्या भिंतीतून मी बाहेर आलेय. उन्हाळ्यात नदीचं पाणी मचूळ होतं. आतली यंत्रं त्यातला खार काढतात. गोडं पाणी पुढच्या पाइपानं शहराला जातं. काढलेला सगळा खार ज्यात उरतो, ते पाणी माझ्यातून नालीत पडतं. दिसायला मात्र काचेसारखं.

सुकन्याच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. इथं पाणी वाया चाललेलं तिला बघवेना. कडेवर तान्ही सृष्टी, तरी तिनं घागर लावली. खरं सांगू, मला बरं वाटलं. तोवर माझ्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं.

मग ती रोज येऊ लागली. शेजारीण उज्वलाही आली.

"लेकराला वरचं दूध यातच कालवतीस?" उज्वलानं विचारलं.

"हाव. पण उकळून, गाळून. जरा मचूळ लागतंय, पर आपलं बोअरचं कुठं गोड हाय?"

उकळल्यानं जंतू मरतात, बाई. खार कुठं जाणार? तो उलट दाटतो. पण मला वाचा कुठली.

पुढं सृष्टी कडेवर मान टाकायला लागली. पातळ शौचाला व्हायचं, डोळे खोल गेले होते.

"डॉक्टरनी इचारलं, पाणी कुठलं. म्हणलं, पाणी शुद्ध करायच्या प्रकल्पाचं. मग चांगलं हाय म्हणले." सुकन्या सांगत होती. "आन् आमच्या आत्याबाई म्हणतात, कुकर शिट्ट्या मारून दमला, तरी डाळ टणक ती टणकच. सुनेच्या हाताला गुण न्हाई म्हणं." खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे आत्याबाईंना कोण सांगणार?

तेवढ्यात यंत्रावरचा मन्मथ मागं आला नि घागर बघून थबकला.

"वैनी, हे काय करून राहिल्या? पुढच्या पाण्यातून काढलेला सगळा खार यात हाय. हे प्यायचं नसतंय."

"मग पाटी का न्हाई लावली?"

"नालीत सोडलेलं पाणी कोण भरंल, म्हणून..."

"दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं आम्ही," सुकन्या म्हणाली. "चांगलं दिसणारं पाणी नालीत जाऊ देऊ व्हय?"

तिनं घागर आडवी केली. सगळं पाणी नालीत गेलं. मग लेकराला छातीशी धरून ती तशीच दवाखान्याकडं पळाली. घागर इथंच राहिली.

ती न्यायला सुकन्या परत आली नाही. सृष्टी कशी आहे, मला कळायला मार्ग नाही.

मन्मथनं भिंतीवर खडूनं लिहिलंय, 'हे पाणी पिऊ नका.' पण आज एक म्हातारी आली. तिला वाचता येत नव्हतं. सुकन्याचीच घागर सरळ करून तिनं माझ्याखाली लावली, नि भरून घरी नेली. घरी नातवंडं असतील.

म्हणून तुम्हाला सांगतेय. मागच्या नळीचं पाणी फरशी धुवायला न्या, संडासात टाका, पण पिऊ नका. उकळूनही नको. लेकराला तर थेंबभर नको. हे वाचून ठेवून देऊ नका. तुमच्या गल्लीत जिला वाचता येत नाही, आधी तिच्या दारात जाऊन सांगा.