माझ्या नावापुढचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. नारीन नदीच्या वरच्या अंगाला एक डोंगरी रुग्णालय आहे, तिथल्या लोखंडी कपाटात माझी जागा. गावोगावच्या दवाखान्यांतून आलेले निरोप आणि एक्स-रे योग्य वाटेने पुढे धाडायचे, हे माझे काम.

मला इथे बसवले रुग्णालयाचे तंत्रज्ञ तुर्गुनबाय आके यांनी; आके म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. आम्ही पाच राउटर, आणि सगळ्यांच्या वाटांची खबर ठेवायला एक मुख्य लागतो. ज्याच्या नावापुढचा आकडा मोठा, तो मुख्य. आकेंनी मला दोनशे दिले, बाकी चौघांना शून्य. शून्यवाला कधीच मुख्य होत नाही. रोज सकाळी आके माझ्या पाठीवर तळहात ठेवायचे. लगाम धरून खरखरीत झालेला हात तो. म्हणायचे, "तापला नाहीस ना, म्हाताऱ्या?"

मग आके निवृत्त होऊन घोड्यांसह कुरणावर राहायला गेले. त्यांच्या जागी नुरझात आली. तिने नवाकोरा राउटर आणला, त्याला अडीचशे दिले. पण आमच्यातही पाहुण्यांच्या पंगतीसारखेच, मानाच्या जागी बसलेल्याला कोणी उठवत नाही. मीच मुख्य राहिलो.

"हा म्हातारा काही जागा सोडत नाही बाई," नुरझात वैतागली आणि तिने माझ्यापुढे शून्य टाकले. नवा मुख्य झाला. फार लागले ते मला. दर दहा सेकंदांनी आम्ही एकमेकांना 'मी आहे' असे कळवतो. मी कळवत राहिलो, पण माझे सगळे लक्ष दाराकडे असे. आके येतील असे उगाच वाटायचे.

जानेवारीतल्या एका दुपारी विजेचा दाब वाढला आणि नवा जळाला. उरलो आम्ही पाच, पाचही शून्य. मुख्य कोणीच होईना, वाटा बंद पडल्या. घोड्यावरून पडलेल्या एका मुलीचा एक्स-रे खिंडीपलीकडे अडकला आणि इकडे डॉक्टर ताटकळत बसले. नुरझातने आकेंना फोन लावला.

"आके, दिवे सगळे हिरवे आहेत, पण कामच होत नाहीये."

"आकडे काय आहेत?"

"सगळ्यांना शून्य."

"माझ्या म्हाताऱ्यालाही?"

तिने वळून माझ्याकडे पाहिले.

"अगं पोरी, दोनशे नको देऊस. एक दे. तेवढ्यानं उठेल तो."

तिने एक दिला. मी उठलो. एक्स-रे पोहोचला, मुलगी वाचली.

आता दुसरा नवा आला आहे. नुरझातने मला क्षणभर बंद करून त्याला मुख्य केले, पण माझा एक मात्र पुसला नाही. मित्रांनो, जुन्याला बाजूला जरूर बसवा, फक्त त्याच्यापुढे शून्य टाकू नका. आणि आके कधी खाली उतरले, तर त्यांना एवढे सांगा, मी तापलेलो नाही. तरी एकदा हात ठेवून बघा म्हणावे.