धारेला लावलेलं कुंकू

"तुम्हीच म्हणता ना, त्या काट्याला सुरीसारखी धार असते म्हणून? मग धारेलाच लावलं मी. शस्त्राला काय मुठीला लावतात कुंकू?"

सुमित्रा लसूण सोलता सोलता हे बोलली आणि राजाराम कुलथेच्या हातातला चहा अर्धा बशीत गेला.

विषय साधाच निघाला होता. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार. उद्या सोमवार, म्हणजे पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी तिथल्या शाळा बंद, कारखाने ओस, आणि स्टेट कॉलेज गावाच्या आजूबाजूच्या डोंगरांत झाडांपेक्षा बंदुका जास्त. आपल्या एका शिकारी गिऱ्हाइकाबद्दल राजाराम सहज म्हणाला होता, "अर्ल गेला असेल आता कॅम्पवर." त्यावर सुमित्रा म्हणाली, की यंदा त्याला यश येणारच, खंडेनवमीला तिने दुरुस्तीला आलेल्या त्याच्याही वजनकाट्याची पूजा केली होती. राजाराम म्हणाला, माहीत आहे, पेटीवरचं कुंकवाचं बोट मीच पुसलं. तेव्हा हे धारेचं प्रकरण बाहेर आलं.

"पेटी उघडून लावलंस?"

"मग? देवाला काय कपाटाबाहेरून हळदकुंकू वाहतात? हळद कोरडी बसेना, म्हणून तेलाचं बोट लावलं."

"तेल!" राजाराम उठून उभाच राहिला.

राजाराम हा सोनाराचा मुलगा. संगमनेरला बापाच्या दुकानात गुंजा मोजत वाढला आणि अमेरिकेत येऊन वजनकाटे दुरुस्त करू लागला. वाण्यांचे, पेंडवाल्यांचे, टपालाचे, चॉकलेटवाल्यांचे. पन्नास मैलांच्या टापूत जे जे तोललं जाई त्याच्यावर राजारामचा हात फिरलेला असे. त्याने हातात धरलेला टोमॅटो दुकानदार न तोलता विकतात, असं लोक सांगत. मला टोमॅटोचं खरं वाटत नाही. पण कांद्याच्या बाबतीत मी स्वतः पाहिलंय.

शिकारी लोक त्याच्याकडे यायचे ते वेगळ्या काट्यासाठी. तिकडे पुष्कळ जण काडतुसं विकत घेत नाहीत. झाडलेली पितळी नळकांडी जपून ठेवून त्यांत घरीच दारू भरतात. ही दारू तोलायला वीतभर दांडीचा काटा असतो. दांडीच्या पोटाला पोलादी धार. ती अकीक दगडाच्या खाचेत टेकते आणि सगळा तोल त्या केसाएवढ्या रेषेवर उभा राहतो. ग्रेन नावाचं वजन, साधारण अर्धी गुंज. त्याचाही दहावा भाग हा काटा दाखवतो. त्या धारेला तेल लावायचं नाही, बोट लावायचं नाही, तिच्यावर फुंकरसुद्धा जपून घालायची. धूळ बसली की दांडी अडते. अडली की माणूस चिमटीचिमटीने दारू टाकत राहतो, दांडी हलत नाही, आणि हलते तेव्हा दारू जास्त झालेली असते. जास्त झालेली दारू गालापासून चार बोटांवर फुटते.

राजारामने काटा सप्टेंबरातच स्वच्छ करून ठेवला होता. अर्ल न्यायला आला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. काटा देताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत शून्य दाखवायचं, हा बापाचा नियम. पण अर्ल त्या वेळी त्याच्या जुन्या हरणाची गोष्ट सांगत होता. ते हरीण म्हणे इतकं लांब होतं, की पुढचे पाय कोसळले तेव्हा मागच्या पायांना अजून बातमी पोचली नव्हती. राजाराम हसत हसत पेटी त्याच्या हातात देऊन बसला. शून्य दाखवायचं राहिलं.

"बाबा, जस्ट कॉल हिम," दीपा वरच्या खोलीतून ओरडली. घरात काही बिनसलं की त्या मुलीला भिंतीपलीकडून कळे.

"कॅम्पवर फोन नाहीये गं."

"देन ड्राइव्ह! व्हाय आर यू गाइज स्टिल टॉकिंग?"

राजारामने गाडीत आपला खात्रीचा काटा ठेवला, तपासायची वजनं ठेवली, स्पिरिटची बाटली घेतली. गाडी सुरू करतो तो सुमित्रा शेजारी येऊन बसलेली. साडीवर कोट, पायांत दीपाचे बर्फातले बूट.

"तू कशाला?"

"लावलं कुणी?"

"अगं, मी सांगतो ना, माझ्याकडून कचरा राहिला म्हणून. पूजाबिजा त्यांना काय कळणार? हसतील."

"हसू देत. माझे वडील साताऱ्याला हवालदार होते. खंडेनवमीला अख्ख्या ठाण्याच्या हत्यारांना आमच्या घरचं कुंकू लागायचं. लाजायचं काय त्यात?" मग खिडकीबाहेर बघत, "अहो, बंदूक फुटली तर डोळाच जातो का?"

"कधी डोळा. कधी नुसताच हात."

"नुसताच!" ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावू लागली.

रस्ताभर नारिंगी टोप्या घातलेल्या माणसांच्या गाड्या डोंगराकडे चाललेल्या. शेवटचा रस्ता कच्चा, त्यावर घट्ट झालेला बर्फ. राजारामने गाडी बैलासारखी चुचकारत वर नेली.

कॅम्प म्हणजे लाकडी खोली, मध्ये शेगडी, भिंतीला बंदुका. अर्ल कर्स्टेटर आणि त्याचा पुतण्या डेल पत्ते खेळत होते. कोपऱ्यात काडतुसं भरायचं बाक, आणि बाकावर तो काटा. पेटीच्या कडेला अजून पिवळट डाग होता.

"राज! मिसेस राज!" अर्ल उठला. "शिकारीला आलात की हरणाला सावध करायला?"

"अर्ल, यंदाची काडतुसं ह्याच काट्यावर भरलीस?"

"सगळी. काय काटा केलायस तू! पूर्वी दांडी नाचायची, वाट बघून माझी दाढी वाढायची. आता एकदम स्थिर. खडकासारखी."

राजारामने डोळे मिटले. काटा खडकासारखा असेल तर तो काटा नव्हे, खडक.

"झाडलंस का एखादं?"

"नाही. बंदुकीचं निशाण गेल्या वर्षीच्या उरल्यासुरल्या काडतुसांवर लावलं. ही उद्यासाठी."

"अर्ल, तो काटा अडतोय. त्यात माझ्या हातून..."

"आय पुट," सुमित्रा म्हणाली. ती दारातच उभी होती, बुटांवरचा बर्फ झटकत. "ही नॉट पुट. आय. आवर फेस्टिव्हल. टूल्स, वेपन्स, ऑल पूजा. रेड पावडर, यलो पावडर, ऑइल. ऑन द शार्प साइड."

डेल फस्सकन हसला. "काका, तुझ्या काट्याला आशीर्वाद लागला!"

"गप," अर्ल म्हणाला. हसला मात्र तोही. "अरे, मी पन्नास ग्रेन भरतो, वर्षानुवर्षं. दांडी सुटली की थांबतो. माझ्या हाताला कळतं."

"एक उघडू," राजाराम म्हणाला. "एकच."

गोळी उपसायची एक हातोडी असते. तिच्या पोटात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर ठोकायचं, की गोळी आणि दारू वेगळी होऊन आत पडते. अर्लने काडतूस अडकवून ठोकलं. राजारामने स्वतःचा काटा बाकावर मांडला, पाया सपाट केला, दार लावायला सांगितलं, आणि ह्या वेळी सगळ्यांना जवळ बोलावून आधी शून्य दाखवलं. मग पारड्यात दारू ओतली. पन्नासावर दांडी तशीच चढलेली. त्याने वजन पुढे सरकवलं. आणखी सरकवलं. जवळजवळ बावन्नला दांडी आडवी झाली.

"दुसरं," अर्ल म्हणाला.

दुसरं पन्नास भरलं. अगदी बरोबर. तिसरं पुन्हा बावन्नच्या आसपास. डेलचं हसू कुठे गेलं कळलं नाही. एकसारखी चूक असती तर हातानेही ओळखली असती. ही कधी होती, कधी नव्हती.

अर्ल वीतभर डब्यातली ती चकचकीत काडतुसं बघत राहिला. "मी पन्नासच्या वर चिमूटभरही जात नाही," तो म्हणाला. "दारूच्या मापाचं पुस्तकच सांगतं, इथं थांब."

"चूक माझी आहे," राजाराम म्हणाला. "तिनं लावलं ते आमच्या रीतीनं लावलं. देताना तपासायचं काम माझं होतं."

सुमित्राला नवऱ्याकडून मराठीत एवढं ऐकायची सवय नव्हती, इंग्रजीत तर नाहीच. तिने मान फिरवली आणि शेगडीपाशी हात शेकत बसली.

अर्लने सगळी काडतुसं ठोकून ठोकून रिकामी केली. दारू बाहेर बर्फावर पसरून टाकली. तोवर राजारामने अर्लचा काटा उघडला. खाचेत लालसर पिवळा लगदा घट्ट बसला होता. त्याने टूथपिकला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला, खाच धुतली. पुन्हा कापूस, पुन्हा स्पिरिट, कापूस पांढरा येईस्तोवर. धार रेशमाच्या फडक्यावरून फिरवली. दांडीच्या टोकाची पाती जिथे चुंबकांमधून हलते तिथले लोखंडाचे कण टिपले. दांडी ठेवली. ती डुलली, संथ झाली आणि शून्यावर येऊन थांबली. त्याने बारकं वजन टाकलं, उचललं, पुन्हा टाकलं. दर वेळी तीच रेघ.

"झालं," तो म्हणाला. "उजेड आहे अजून. दहा काडतुसं सहज भरून होतील. मी बसतो सोबत."

अर्ल वाकून बघत होता. दारूचा डबा बाकावरच होता, नळकांडीही रिकामी होऊन ओळीने उभी होती. कोरियाच्या लढाईतून परत आल्यापासून अर्ल कर्स्टेटरने दुकानातली गोळी झाडली नव्हती. हे त्याने खोऱ्यातल्या प्रत्येक माणसाला ऐकवलं होतं, काहींना दोनदा.

त्याने बोटाने पारडं किंचित दाबलं. दांडी उठली, खाली आली, शून्यावर थांबली.

"छान झालाय," तो म्हणाला. मग सरळ होत, न वळता, "डेल, तुझ्याकडच्या दुकानच्या डब्यातली काडतुसं दे रे मला. जेवढी देता येतील तेवढी."

"घे की," डेल म्हणाला.

राजारामने आपली वजनं एकेक करून मखमलीच्या खाचांत बसवली, स्पिरिटचं बूच घट्ट केलं. सुमित्राने अर्लला हात जोडले. अर्लने टोपी काढून पुन्हा घातली.

बाहेर गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा आला होता. राजाराम खरवडणी शोधतोय तोवर अर्लने आपली आणून काच खरवडायला घेतली. राजारामची बाजू झाली. मग वळसा घालून सुमित्राची बाजू, अगदी कोपऱ्यापर्यंत. मग तो खिडकीशी आला, उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात आत दिला. राजारामने तो धरला. अर्ल काहीतरी बोलला, ते इंजिनच्या आवाजात सुमित्राला ऐकू आलं नाही.

गाडी उताराला लागल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाला हो?"

"सावकाश जा म्हणाला. वळणावर बर्फ आहे."

राजारामने गिअर खाली घेतला.